माळ्यावरचा रोलचा कॅमेरा घरी दुरुस्त करायचाय? मागचं झाकण उघडण्याआधी हे वाचा

किल्ले धारूर : घटस्थापनेच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं. फुटका कंदील, पितळी डबा, बंद पडलेला रेडिओ, आणि एखाद्या घरात चामडी कव्हरातला रोलचा कॅमेरा. कुणी नोकरीला असताना घेतलेला, कुणी मुंबईहून आणलेला, तर कुणाच्या घरी एकेकाळी फोटो स्टुडिओच होता. मग घरातला पोरगा तो हातात घेतो, खटका दाबून बघतो आणि पहिल्याच मिनिटाला मागचं झाकण उघडतो.

नेमकी चूक तिथेच होते. कॅमेरा बंद पडलेला असेल तर तो दुरुस्त होऊ शकतो. पण आत अर्धवट काढलेला रोल असेल आणि झाकण उजेडात उघडलं, तर आतले फोटो गेले ते गेलेच. त्यात वारलेल्या आजीचा एकमेव फोटोही असू शकतो. म्हणून घरगुती दुरुस्तीची सुरुवात स्क्रूड्रायव्हरपासून होत नाही. आधी आत रोल आहे का ते बघायचं.

आत रोल आहे का, कसं ओळखायचं?

जुन्या डबा कॅमेऱ्याच्या पाठीमागे लाल काचेची छोटी खिडकी असते. त्यातून कागदावरचा आकडा किंवा खुणा दिसल्या तर आत रोल आहे. हा १२० नंबरचा रुंद रोल. अशा वेळी गुंडाळायची चावी हळूहळू फिरवत राहा. आकडे संपतील, मग कागदाचं शेवटचं टोक निघून जाईल आणि चावी एकदम हलकी फिरेल. त्यानंतर रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत झाकण उघडा. रोल सैल होऊ न देता घट्ट धरा, चिकटपट्टी लावा आणि काळ्या कागदात गुंडाळा.

छत्तीसच्या रोलचा, म्हणजे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर वर डाव्या बाजूची रोल मागे गुंडाळायची चावी बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. मोकळी फिरली तर बहुतेक रोल नाही. ताण लागला तर रोल आहे. मग कॅमेऱ्याच्या बुडाला असलेलं छोटं बटण दाबा आणि चावी फिरवत राहा. ताण संपून चावी मोकळी फिरू लागली की सगळी फिल्म डबीत परत गेली असं समजा. सेलवर चालणाऱ्या मोटरच्या कॅमेऱ्यात यासाठी वेगळं बटण असतं, पण आधी नवे सेल घालावे लागतात.

इतक्या वर्षांनी रोलमध्ये काही उरतं का? उरू शकतं. स्वीडनचे सॉलोमन आंद्रे आणि त्यांचे दोन साथीदार १८९७ मध्ये फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतलेच नाहीत. त्यांचा शेवटचा तळ १९३० मध्ये बर्फाळ बेटावर सापडला. तिथले रोल ३३ वर्षांनी धुतले, तेव्हा ९३ फोटो हाती आले. अर्थात ते रोल बर्फात होते. आपल्याकडे पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे तेवढी खात्री देता येत नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोल जास्त टिकतो, रंगीत रोलचे रंग उडतात. कोडाक्रोम असं लिहिलेला रोल असेल तर तो रंगीत धुण्याची पद्धतच जगातून बंद झाली. कोडाकने त्याची विक्री २००९ मध्ये थांबवली. असा रोल फार तर ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुता येतो.

तुमच्याकडे कोणता कॅमेरा आहे?

आपल्या भागात घराघरांत सापडणारे कॅमेरे साधारण तीन जातींचे. दुरुस्ती कुठपर्यंत घरी करायची, हे जातीवर ठरतं.

पहिली जात डबा कॅमेऱ्यांची. यात सगळ्यात ओळखीचा आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन असलं तरी हा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार व्हायचा. आग्फा आयसोली हाही तिथलाच. बडोदा म्हणजे गायकवाडांचं. तिथल्या कलाभवनात दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले आणि पुढे १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं तेव्हा घरीच चालायची आणि पत्नी सरस्वतीबाई त्यात बरोबरीने राबायच्या. कॅमेऱ्याचं काम घरात बसून करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही.

दुसरी जात सुया, आकडे आणि फिरत्या कड्यांच्या धातूच्या कॅमेऱ्यांची. याशिका इलेक्ट्रो ३५, पेंटॅक्स के १०००, स्टुडिओवाल्यांचा दोन भिंगांचा याशिका मॅट वगैरे. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असायचे ते हे.

तिसरी जात नव्वदच्या दशकातल्या प्लास्टिकच्या फ्लॅशवाल्या कॅमेऱ्यांची. याशिका एमएफ २, कोडाक केबी १० असे. सेल घाला, दाबा, फोटो आला.

गंमत अशी की दिसायला सगळ्यात साधी आणि स्वस्त असलेली तिसरी जातच उघडायला सगळ्यात धोक्याची आहे.

फ्लॅशचा कॅमेरा उघडू नका

फ्लॅशच्या कॅमेऱ्यात दीड व्होल्टचे दोन सेल असतात. एवढ्याने काय होतं, असं वाटतं. पण आतलं सर्किट त्याच विजेचे सुमारे ३०० व्होल्ट करून कपॅसिटरमध्ये साठवतं. मोटारीच्या स्टार्टरजवळचा किंवा पंख्याचा कपॅसिटर आपल्याला माहीत आहे, त्याचाच हा भाऊ. सेल काढल्यावरही ही वीज आत बराच काळ, कधी कधी कित्येक दिवस राहते. झाकण उघडून बोट किंवा स्क्रूड्रायव्हर लागला तर जबर झटका बसतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतं.

त्यामुळे या जातीचं घरी करायचं काम बाहेरूनच. सेलच्या खोबणीत पांढरी किंवा हिरवट पूड साचली असेल तर ती साफ करा. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. साधा जस्ताचा सेल गळला असेल तर खायच्या सोड्याचं पाणी वापरा. नंतर कोरड्या काडीने पुसून स्पिरिटचा हात फिरवा. पितळी किंवा लोखंडी पट्टी काळी पडली असेल तर बारीक सँडपेपरने हलकं घासा. काम करताना डोळ्यांत काही उडू देऊ नका आणि हात धुवा. बंद पडलेले असे बरेच कॅमेरे एवढ्यावरच चालू होतात. नाही झाले तर सोडून द्या. पोरांच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नका.

काय काय लागतं?

महागडं काही लागत नाही. मोबाईल रिपेअरिंगचा बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, चिमटा, कानाच्या कापसाच्या काड्या, मऊ कोरडा ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा, चष्मा पुसायचं कापड. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातला चिकटपणा काचेवर राहतो. प्लास्टिकच्या भिंगावर आणि बघायच्या खिडकीवर थिनर किंवा स्पिरिट लावलं तर ती धुरकट होते.

जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीपेक्षा थोडी वेगळी असते. नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर जोराने फिरवला की डोकं घासतं आणि मग तो स्क्रू निघतच नाही. स्क्रूड्रायव्हर गच्च बसला तरच फिरवा.

खाली पांढरं कापड अंथरा. बर्फाचा ट्रे किंवा अंड्यांचा ट्रे घ्या आणि काढला तसा एकेक स्क्रू क्रमाने एकेका खणात ठेवा. आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. जुन्या काळी घड्याळजी हे डोक्यात ठेवायचे. आपल्याला मोबाईल आहे, तर त्याचा उपयोग करावा.

डबा कॅमेरा : घरी दुरुस्त होण्यासारखा

क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात भानगड फार नसते. पुढे एक भिंग, त्यामागे भोक असलेली एक पत्र्याची चकती आणि तिला ओढणारी एक स्प्रिंग. खटका दाबला की स्प्रिंगच्या जोरावर चकती फिरते, क्षणभर भोक भिंगासमोर येतं आणि उजेड रोलवर पडतो. ऊन आणि ढगाळ, एवढेच पर्याय. अंतर जुळवायची गरज नाही. दहा-बारा फुटांवरचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं.

रोल नाही याची खात्री झाली की झाकण उघडा. मागून बघत कॅमेरा खिडकीकडे धरा आणि खटका दाबा. उजेडाचा गोल क्षणभर चमकला तर शटर चालू आहे. चमकलाच नाही किंवा अर्धवट चमकून अडकला तर चार कारणं असू शकतात.

एक, धूळ आणि कोळ्याचं जाळं. फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण भिंगावर बसतात आणि तिथेच पुढे बुरशी धरते.

दोन, स्प्रिंग आकड्यातून निसटली असते. पुढचा भाग काढल्यावर ती दिसते. चिमट्याने परत अडकवा. स्प्रिंग ताणून बघू नका, एकदा सैल पडली की शटरचा वेग कायमचा मंदावतो.

तीन, गंज. चकती बाहेर निघत असेल तर काढून स्पिरिटने पुसा.

चार, आणि ही सगळ्यात जास्त सापडणारी भानगड, आधी कुणीतरी तेल घातलेलं असतं. शिलाई मशीनचं, सायकलचं, कधी खोबरेल. कुलपाला तेल, बिजागरीला तेल, म्हणून कॅमेऱ्यालाही तेल. पण शटरची पाती कोरडीच चालायची असतात. तेल लागलं की दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसून चिक्कट लेप तयार होतो आणि पाती एकमेकांना चिकटतात. अल्कोहोलने हे तेल दोन-तीन वेळा पुसून काढा आणि कोरडं होऊ द्या. त्या पातळ द्रव्याला पेट घ्यायला वेळ लागत नाही. चूल, गॅस, विडी-काडी यांपासून लांब, ओसरीवर किंवा अंगणात बसून करा.

शेवटचं म्हणजे रिकामी रीळ. १२० चा रोल एका रिळावरून सुटून दुसऱ्या रिकाम्या रिळावर गुंडाळला जातो. बऱ्याच घरांत ही रिकामी रीळ पोरांनी खेळायला घेऊन हरवलेली असते. ती नसेल तर रोल भरताच येत नाही. आत रीळ सापडली तर ती जपा. कोडाकच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना ६२० नंबरचा रोल लागतो. फिल्म त्याच रुंदीची, पण रीळ बारीक. त्यात १२० ची रीळ सहसा बसत नाही. कॅमेऱ्याच्या आत नंबर लिहिलेला असतो, तो बघून घ्या.

याशिका, पेंटॅक्स : मोडलाय की नुसता उपाशी आहे?

धातूचे कॅमेरे कितीदा तरी बिघडलेले नसतात, सेलवाचून अडलेले असतात. याशिका इलेक्ट्रो ३५ हे त्याचं चांगलं उदाहरण. १९६६ मध्ये आलेला हा कॅमेरा उजेड बघून शटरचा वेग स्वतः ठरवतो. पण सेल नसेल तर तो प्रत्येक फोटो सेकंदाच्या ५०० व्या भागातच काढतो. सगळे फोटो काळे येतात आणि घरचे म्हणतात, कॅमेरा गेला. त्याला लागणारा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, पाऱ्यामुळे तो बंद झाला. त्याऐवजी ६ व्होल्टचा लहान सेल घालतात आणि उरलेली जागा स्प्रिंग किंवा गुंडाळलेल्या चांदीच्या कागदाने भरून काढतात. आत जुना पाऱ्याचा सेल सापडला तर तो उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका, फोडू तर अजिबात नका.

पेंटॅक्स के १००० चं उलट. त्याचं शटर सेलशिवाय चालतं. सेल फक्त उजेड दाखवणाऱ्या सुईसाठी. बटणासारखा एलआर ४४ सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. या कॅमेऱ्याला बंद-चालूचं बटण नाही. भिंगावर टोपण बसवलं की अंधार होतो आणि सेल वाचतो. टोपण हरवलं की सेल लवकर उतरतो, इतकं ते साधं आहे.

सुई मेलीच असेल तरी फोटो निघतात. जुने फोटोग्राफर ऊन बघूनच ठरवायचे. कडक उन्हात भिंगाचं कडं १६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याएवढा घ्यायचा. १०० चा रोल असेल तर १२५. हलकं आभाळ असेल तर कडं ११ वर, भरून आलं असेल तर ८ किंवा ५.६ वर. धारूरच्या मार्च महिन्यातल्या उन्हाला हा नियम बरोबर लागू पडतो.

काळा चिकटा : झाकणाची गादी

३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याच्या झाकणाच्या कडेला काळ्या फोमची पट्टी असते. उजेड आत शिरू नये म्हणून. वीस-पंचवीस वर्षांत तो फोम सडतो आणि डांबरासारखा चिकट होतो. बोटाला काळं लागलं की समजा, गादी गेली.

हे काम घरी करायला अगदी योग्य. लाकडी काडीने किंवा दात कोरायच्या काडीने जुना चिकटा खरवडून काढा. सुरी किंवा ब्लेड नको. खाच अल्कोहोलने पुसा. हे करताना कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कचरा आत शटरच्या पडद्यावर पडणार नाही. मग खाचेत काळी लोकर बसवा. स्वेटरची लोकर चालते. बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची बारीक पट्टी चिकटवा. झाकण जरा घट्ट बसलं पाहिजे, पण जोर लावावा लागू नये.

शटरच्या पडद्याला किंवा पात्यांना बोट लावू नका. आत तिरका आरसा असतो, त्यालाही कापड लावू नका. घरच्या आरशासारखी त्याची कलई मागे नसते, पुढच्या बाजूला असते. एकदा पुसलं की ओरखडा कायमचा. फक्त फुग्याची हवा.

भिंगावर जाळी दिसते का?

भिंगातून मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात तिरकं बघा. कोळ्याच्या जाळीसारखं किंवा झाडाच्या मुळांसारखं दिसलं तर ती बुरशी. चामडी कव्हर ओल धरून ठेवतं, म्हणून कव्हरात जपून ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच ती जास्त लागते. पावसाळ्यात कव्हर वेगळं आणि कॅमेरा वेगळा ठेवा.

बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर कापडाला थेंबभर अल्कोहोल लावून मधून कडेकडे गोल पुसा. भिंगांच्या मधे असेल तर घरी उघडू नका. भिंग केसभर इकडेतिकडे बसलं तरी फोटो कायम अस्पष्ट येतो. बुरशी जुनी असेल तर तिने काचेवरचा लेपच खाल्लेला असतो, तो परत येत नाही. पण थोड्या बुरशीने फोटो बिघडत नाही, जरा मऊ येतो एवढंच.

उन्हात ठेवल्याने बुरशी मरते असं सांगितलं जातं. पण कॅमेरा तसाच उन्हात ठेवला तर भिंग आरपार ऊन गोळा करतं आणि आतला कापडी पडदा जळतो. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तेच हे.

शटरचा वेग मोबाईलवर मोजा

दुरुस्ती जमली की नाही हे रोल वाया न घालवता कळतं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेण्याची सोय असेल तर झाकण उघडून कॅमेरा खिडकीकडे धरा, मागून मोबाईल लावा आणि खटका दाबा. नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. शटर ८ चित्रांत उघडं दिसलं तर २४० भागिले ८, म्हणजे सेकंदाचा ३० वा भाग. ४ चित्रांत दिसलं तर ६० वा. कॅमेऱ्यावर ३० लिहिलंय आणि चित्रं १६ भरली, तर शटर निम्म्या वेगाने चालतंय. मोजमाप कमी वेगांपुरतंच भरवशाचं, पण अडकणारं शटर याच वेगांत पकडलं जातं.

पहिला रोल हीच परीक्षा

आता खर्चाचं. १२० आणि ३५ मिलिमीटर, दोन्ही रोल आजही जगात तयार होतात. आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये ‘इंदू’ नावाचा रोल निघायचा, तो कारखाना बंद पडला. त्यामुळे आता बाहेरचा रोल ऑनलाइन मागवावा लागतो. एका रोलला हजाराच्या आगेमागे रुपये लागतात आणि धुण्याचे, स्कॅनचे वेगळे. मुंबई-पुण्यातल्या मोजक्या लॅब कुरिअरने रोल घेतात. म्हणून आधी दर विचारा, मगच हौस करा.

पहिल्या रोलचा प्रत्येक फोटो वहीत लिहून ठेवा. ऊन की सावली, कोणता आकडा, किती लांबून. रोल भरताना सावलीत उभे राहा. लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा बघायचा तेव्हाच उचला. निगेटिव्ह हातात आली की तीच दोष सांगते :

– निगेटिव्हच्या कडेला काळे पट्टे : झाकणातून उजेड शिरतोय, गादी परत बघा.
– सगळेच फोटो निगेटिव्हवर गडद काळे : शटर मंद चालतंय.
– सगळे फिके, जवळजवळ कोरे : उजेड कमी पडला, सेल किंवा आकडा चुकला.
– फोटोवर फोटो : रोल पुढे सरकत नाही, किंवा सरकवायला विसरलात.
– लांबीच्या दिशेने सरळ ओरखडे : रोल सरकतो त्या पट्टीवर कचरा आहे.
– एक बाजू स्पष्ट, दुसरी अस्पष्ट : भिंग तिरकं बसलंय.

कुठे थांबायचं?

कॅमेरा आजोबांचा असेल आणि स्क्रू निघत नसेल तर थांबा. भिंगाच्या आतली बुरशी, फाटलेला शटरचा पडदा, तुटलेली दातेरी चाकं ही घरची कामं नव्हेत. मोठ्या शहरांत अजून जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे द्या. देण्याआधी खर्च विचारा, कारण साध्या डबा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त होऊ शकते.

आणि किमतीचा मोह धरू नका. जुन्या नोटा-नाण्यांसारखे जुन्या कॅमेऱ्यालाही ‘लाखो रुपये देतो’ असे फोन-मेसेज आले तर सावध राहा. नोंदणी फी, कुरिअरचे पैसे, ओटीपी, काहीही मागितलं की ती फसवणूक समजा. क्लिक थ्री लाखोंच्या संख्येने खपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांच्या वर्गातला. त्याची खरी किंमत घरच्यांनाच.

दुरुस्ती झाली नाही तरी

समजा कॅमेरा चालू झालाच नाही. तरी त्याच पेटीत निगेटिव्हची पाकिटं असतील तर ती फेकू नका. ऊसतोडीला गेलेल्या कितीतरी कुटुंबांकडे आई-बापाच्या तरुणपणीचा एखादाच फोटो असतो, तोही भिंतीवर ओल लागून गेलेला. निगेटिव्ह असेल तर तो परत निघतो. एका मोबाईलवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्यावर बोटभर उंचीवर बटर पेपर धरा, त्यावर निगेटिव्ह ठेवा आणि दुसऱ्या मोबाईलने अगदी सरळ फोटो काढा. फोटो एडिट करणाऱ्या ॲपमध्ये रंग उलटे करायची सोय असते. ती वापरली की काळ्याचं पांढरं होतं आणि चेहरा दिसू लागतो. निगेटिव्ह कडेला धरा, बोटांचे ठसे पडू देऊ नका.

गावात बंद पडलेला फोटो स्टुडिओ असेल तर त्या घरच्यांनाही हे सांगा. त्यांच्या खोक्यांत आख्ख्या गावाची लग्नं, जावळं आणि शाळेची गॅदरिंग पडून असतात. रद्दीवाल्याच्या गाडीत जाण्याआधी कुणीतरी ती बघायला हवीत.

कॅमेरा ठेवताना सेल काढा, शटर ताणून ठेवू नका. चामडी कव्हरातून बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या चपला-बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाका. डांबरगोळ्या नकोत. आणि पत्र्याखालचा माळा सोडून कपाटात जागा द्या, कारण पत्र्याच्या उष्णतेने आतलं जुनं ग्रीस वितळून पात्यांवर येतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एवढं वाचून पेटी उघडणार असाल तर क्रम लक्षात ठेवा : आधी रोल बघा, मग सेल, मग धूळ. स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.